चिवा नव्हे, धामणही नव्हे: माळ्यावरच्या धनुष्याचं लाकूड

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिंधुदुर्गातल्या जुन्या घराचा माळा आवरताना एक धनुष्य सापडलं. लांबी पाच फुटांना जरा जास्त, पाती सपाट आणि रुंद, टोकांकडे निमुळती, दोरी कधीच गेलेली. एक टोक फुटलेलं आहे. आजी हयात असताना याला 'चुईचं धनुष्य' म्हणायची. घरच्यांना वाटलं, ती 'चिव्याचं' म्हणते आहे, म्हणजे कोकणातला बारीक बांबू. पण हे बांबूचं दिसत नाही. गावातल्या वयस्कर सुतारांनी हातात घेऊन 'धामण' असा निकाल दिला. तर लाकूड नक्की कुठलं, आणि पॉलिश करून भिंतीवर लावलं तर चालेल का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण उशीर झाला तर नुकसान आहे. पॉलिश पेपर लावू नका. व्हार्निश नको, जवसाचं तेलही नको. मुठीजवळच्या खाचेत जी पांढुरकी पूड फोटोत दिसते आहे ती माळ्यावरची धूळ समजून ओल्या फडक्याने पुसाल आणि मग हळहळत बसाल. ती का, ते पुढे येईल.

आता लाकूड. तुमच्या सुतारांना मी नावं ठेवणार नाही. फोटो पाहून माझ्याही तोंडी पहिलं नाव धामणच आलं होतं. आपल्याकडे धामण म्हटलं की आधी साप डोळ्यासमोर येतो, पण झाड म्हणून धामण कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारावर भरपूर आहे. ग्रेविया टिलिफोलिया, म्हणजे फालशाच्या कुळीतलं. पान बुडाशी एका बाजूला कललेलं, फळं वाटाण्याएवढी, पिकली की काळी, गुराखी पोरांच्या खिशात असणारी. संस्कृतात याला धन्वन आणि धनुर्वृक्ष म्हणतात, आणि ते नाव उगीच पडलेलं नाही. जिथे जिथे लाकडाने वाकून परत सरळ व्हायला हवं तिथे तिथे धामण होती: कावडीची काठी, कुऱ्हाडीचा दांडा, होडीचं वल्हं. माझ्या वडिलांची लाकडाची वखार होती. आमच्याकडे येणारे जुने सुतार सामत्याची कमान धामणीच्या फाट्याची करायचे. सामता म्हणजे दोरी गुंडाळून पुढेमागे ओढत भोक पाडायचं हत्यार. एक तर पंचवीस वर्षं तीच कमान वापरत होते, आणि दोरी काढली की ती सुतासारखी सरळ व्हायची. तेव्हा कोकणातलं जुनं धनुष्य बघून सुतार धामण म्हणाले, यात त्यांचं काही चुकलं नाही. माणूस आपल्या रानातलंच नाव घेणार.

पण धनुष्याच्या लाकडात घोळ असा असतो की वरचा रंग काहीच सांगत नाही. पन्नास-साठ वर्षं माळ्यावर, खाली चूल, वर धूर. अशा ठिकाणी सागसुद्धा शिसवीसारखा दिसायला लागतो. वजनावरूनही फार काही कळत नाही, कारण धनुष्याला लायक असलेली बहुतेक लाकडं जडच असतात. लाकूड ओळखायचं ते आडव्या छेदावरून. खोड आडवं कापल्यावर ओंडक्याच्या तोंडावर जे दिसतं, ते.

तुम्ही फुटलेल्या टोकाची करंगळीच्या नखाएवढी ढलपी पाठवलीत, ते बरं केलंत. तिचं मी काय केलं ते सविस्तर सांगतो, कारण हे घरी कुणालाही करता येतं. ढलपी दोन तास कोमट पाण्यात ठेवली. दाढीचं नवं पातं घेतलं. नवं म्हणजे पाकिटातून त्याच क्षणी काढलेलं, कारण एकदा जरी वापरलेलं असलं तरी छेद चिरडतो आणि छिद्रं बुजतात. पातं सरळ खाली दाबायचं नाही, सुरीने आंबा कापताना ओढतो तसं तिरकं ओढायचं, आणि एकाच दमात. पहिले दोन काप वाया गेले. तिसऱ्याला नखावर कांद्याच्या पापुद्र्याएवढी चकती आली आणि मागे उरलेला पृष्ठभाग आरशासारखा लखलखला. बघायचं ते त्या उरलेल्या पृष्ठभागावर. दहा पटीचं जवाहिऱ्याचं भिंग डोळ्याला अगदी चिकटवून धरायचं आणि लाकूड त्याच्या जवळ न्यायचं. उलटं करणारे खूप असतात, भिंग लाकडावर ठेवून लांबून बघतात, आणि मग म्हणतात काही दिसत नाही.

बांबू आणि ताड पहिल्या पाच सेकंदांत बाद होतात. दोघांच्या छेदात ना किरण (गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या रेषा) असतात ना वाढीची वलयं, नुसते ठिपके. बांबूत सालीकडे ठिपक्यांची दाटी असते आणि आत ते विरळ होतात. ताडात काळ्या दोऱ्यांची टोकं खुपसल्यासारखी दिसतात. हे तपासायला हवंच होतं, कारण आपल्याकडची बरीच धनुष्यं लाकडाची नसतात. सातपुड्यातल्या भिल्लांचा कामठा बांबूचा, आणि त्याची दोरीही बांबूच्याच कांबीची. कौटिल्याने आयुधागाराच्या अध्यायात धनुष्याच्या सामग्रीत ताल, चाप, दारव आणि शार्ङ्ग असे चार प्रकार दिलेत: ताड, बांबू, लाकूड आणि शिंग. चारांत लाकूड एकच. शिंगाचं म्हणजे शिंग, लाकूड आणि स्नायू एकावर एक चिकटवून केलेलं धनुष्य, मध्ययुगातल्या घोडेस्वारांच्या हाती असायचं त्या जातीचं. तुमचं एकाच लाकडातून कोरलेलं आहे, त्यामुळे तो प्रकार बाजूला.

मग राहिली खरी लाकडं. धामणीच्या छेदात छिद्रं एकेकटी किंवा किरणांच्या दिशेने दोन-चारच्या रांगेत असतात, आणि त्यांच्यामधल्या फिकट ऊतींच्या रेषा इतक्या तुटक आणि पुसट की भिंगातूनही शोधाव्या लागतात. शिवाय धामणीचा उभा काप ओला करून तिरप्या उजेडात धरला, तर बऱ्याचदा त्यावर आडव्या बारीक लहरी दिसतात, तलम कापडाच्या विणीसारख्या. तुमच्या ढलपीत लहरी नाहीत. आणि आडव्या छेदात जे दिसलं त्याने मी भिंग खाली ठेवलं, चष्मा पुसला आणि परत पाहिलं.

शिड्या. एकाला एक लागून, सगळीकडे शिड्या. किरण म्हणजे शिडीचे उभे बांबू, चांगले जाड, भिंगाशिवायही दिसतील असे. आणि प्रत्येक दोन किरणांच्या मध्ये केसाएवढ्या बारीक फिकट आडव्या रेषा, सारख्या अंतरावर, एकही पायरी न चुकता. छिद्रं मध्येच कुठेतरी विखुरलेली, पण डोळा त्यांच्याकडे जातच नाही, तो शिडीवरच अडकतो. ही खूण एकदा पाहिली की विसरत नाही. ही सीताफळाच्या कुळाची सही आहे.

तेव्हा धामण बाद. धनुष्याच्या गप्पांत हटकून निघणारं तिवसही बाद. तिवसाच्या छिद्रांभोवती फिकट ऊतींची गोधडी पांघरल्यासारखी असते. बाभळीतही प्रत्येक छिद्राभोवती असंच पांढरं कडं असतं. अंजन इतकं काळपट लाल आणि जड की त्याचा इथे प्रश्नच येत नाही. तुमच्या ढलपीचा ताजा छेद मधासारखा पिवळा आहे.

मधासारखा पिवळा म्हटल्यावर मी मुद्दाम थांबलो, कारण या रंगाने मला एकदा चांगलंच पाडलं आहे. वीसेक वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी मुंबईच्या एका जुन्या क्लबच्या लिलावातून घेतलेलं विलायती धनुष्य माझ्याकडे आणलं होतं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये निशाणबाजीच्या धनुष्यांसाठी वसाहतींतून आणि त्यांच्या पलीकडूनही नाना लाकडं जायची. त्यात लान्सवुड नावाचं कॅरिबियन बेटांवरचं एक पिवळं, सरळ रेषांचं लाकूड फार मान्यतेचं. मी नुसत्या रंगावर आणि वजनावर 'लान्सवुड' म्हणून लिहून दिलं. छेद घेतलाच नाही. धनुष्य इतकं देखणं होतं की त्याला पातं लावायला हात धजेना. पुढे त्यांनी ते दुसऱ्या जाणकाराला दाखवलं, त्याने छेद घेतला, आणि ते निघालं डेगामे. क्यूबाकडून येणारं, लान्सवुडच्या जागी सर्रास खपवलेलं, ज्याला तिकडे लेमनवुडही म्हणतात. लिंबाशी त्याचा संबंध नाही, ते कॉफीच्या कुळातलं. लान्सवुडमध्ये शिडी असते, डेगामेमध्ये नसते. भिंगातून बघितलं असतं तर एका मिनिटाचं काम होतं. गृहस्थांचे पैसे मी परत केले. तेव्हापासून छेद घेतल्याशिवाय मी नाव उच्चारत नाही.

लान्सवुड हेही सीताफळाच्याच कुळातलं. मग तुमचं धनुष्य विलायती तर नाही? नाही. ते आकारावरून कळतं. विलायती धनुष्य अरुंद आणि जाड, पोटाकडे, म्हणजे ओढणाऱ्याकडच्या बाजूला, गोल, टोकांना बहुतेक वेळा शिंगाच्या टोप्या. तुमचं रुंद आणि सपाट आहे, टोकाशी दोरी अडकवायला लाकडातच कोरलेला खांदा आहे, आणि पात्यावर दिसणाऱ्या हत्याराच्या खुणा रंध्याच्या नाहीत, वासल्यासारख्या छोट्या हत्याराने टवके काढत आणल्याच्या आहेत. रुंद सपाट पातं हा एक विचार असतो. वाकताना धनुष्याची पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. पातं रुंद आणि पातळ केलं की तो ताण जास्त लाकडावर वाटला जातो.

आपल्या रानात सीताफळाच्या कुळातली झाडं आहेतच. हूम आहे. साजेरी आहे, जिला काही ठिकाणी हरकिंजळ म्हणतात, सह्याद्रीच्या सदाहरित राईतली. म्हणजे कोकणातल्या घरात सापडलेलं, शिडीच्या छेदाचं लाकूड साजेरी असू शकलं असतं. खरं सांगायचं तर धामणीपेक्षा साजेरीनेच मला जास्त छळलं, कारण भिंगातून ती आणि आपला खरा उमेदवार यांच्यात फरक करणं कठीण. दोघी एकाच प्रजातीतल्या (इंग्रजीत जीनस), जाती मात्र वेगळ्या. वनस्पतिशास्त्रातलं प्रजातीचं नाव सॅजेरिया, जरा मोठ्याने म्हणून बघा, साजेरीच ऐकू येते.

म्हणून मी तुम्हाला कळवून विचारलं की आजोबा नोकरीला कुठे होते. प्रश्नात तुम्ही ते लिहिलं नव्हतं, कारण लाकडाशी त्याचा काय संबंध, असं तुम्हाला वाटलं असणार. उत्तर आलं: पोर्ट ब्लेअर, 1958 ते 1963.

आणि मग आजी आठवली. ती 'चिव्याचं' म्हणत नव्हती. ती 'चुईचं'च म्हणत होती. साठ वर्षं घरातले सगळे तिचं बोलणं दुरुस्त करून ऐकत होते.

चुई हे अंदमानातलं झाड. शास्त्रीय नाव सॅजेरिया इलिप्टिका. अंदमानखेरीज म्यानमार, थायलंड, मलेशियाकडेही ते आढळतं. तिथल्या आदिवासींच्या धनुष्यांवरून इंग्रजीत याचं नावच अंदमान बो-वुड पडलं, आणि जारवा पुरुष आपलं धनुष्य, ज्याला ते 'आओ' म्हणतात, याच लाकडाचं करतात. अंदमानचं लाकूड म्हटलं की आपल्या लोकांना पडाऊक माहीत, फार तर गर्जन. पोर्ट ब्लेअरजवळच्या चॅथम बेटावरची सरकारी गिरणी 1883 पासून हेच मोठे ओंडके चिरत आली. चुई त्या बाजारात नगण्य; झाड मोठ्या वृक्षांच्या सावलीत वाढणारं, फळ्या काढण्याजोगा घेर नसलेलं. त्यामुळे मुख्य भूमीवरच्या वखारीत ते कधी आलंच नाही आणि आमच्यासारख्यांच्या तोंडी त्याचं नाव बसलं नाही. तुमच्या गावच्या सुतारांनी ते ओळखायचं तरी कसं? माझ्या वडिलांनी शंभर-सव्वाशे जातींचं लाकूड हाताळलं असेल, चुई त्यांनीही पाहिली नव्हती.

हातात घेतल्यावर धामण आणि चुई जवळच्या वाटतात, याचं कारण दोघींचा गुण एकच आहे: सरळ लांब रेषा, चिवटपणा, वाकवून सोडलं की परत येणं. कूळ वेगळं, काम एक. मात्र यावरून परसातलं सीताफळ तोडून धनुष्य करायला कुणी निघू नका. कूळ एक असलं म्हणून गुण एक असतोच असं नाही, सीताफळाचं लाकूड मऊ असतं. एका उत्साही पोराने माझ्याकडे तसलं एक आणलं होतं. चौथ्या ओढीला त्याचे दोन तुकडे.

आता थोडं धनुष्याच्या घराण्याबद्दल. अंदमानात सगळ्यांची धनुष्यं सारखी नसतात. ग्रेट अंदमानी लोकांचं जुनं धनुष्य एकदा पाहिलं की चुकायचं नाही: दोन्ही पाती वल्ह्यासारखी पसरट, मूठ एकदम बारीक, आणि बाजूने पाहिलं तर नागमोडी, कारण वरचं पातं आणि खालचं पातं सारखं वाकत नाही. ती जमात रोगराईने इतकी खचली की 1970 च्या सुमारास उरलेल्या थोड्या लोकांना स्ट्रेट बेटावर वसवलं गेलं. तुमच्या धनुष्याला नागमोड नाही, ते साध्या कमानीचं आहे. म्हणजे ते ग्रेट अंदमानींचं नव्हे. जारवा की छोट्या अंदमानवरचे ओंगे, हे लाकूड सांगणार नाही. ते पोर्ट ब्लेअरच्या (आताच्या श्री विजयपुरमच्या) मानववंशशास्त्र संग्रहालयातल्या नमुन्यांशी आकार, खांद्याची कोरणी आणि हत्याराच्या खुणा ताडून ठरवावं लागेल. एक गोष्ट ध्यानात घ्या: तुमच्या आजोबांच्या काळात जारवा बाहेरच्या माणसाला जवळ फिरकू देत नसत. ते स्वतःहून वस्त्यांकडे यायला लागले ते 1997 नंतर. उलट छोट्या अंदमानवर सरकारी माणसांचं जाणं-येणं तेव्हाही होतं. तेव्हा आजोबांच्या हाती धनुष्य कसं आलं असेल, याचा अंदाज जुन्या पत्रांत लागतो का बघा. त्या पत्रातली एक ओळ माझ्या भिंगापेक्षा जास्त सांगेल.

आणि ती पांढुरकी पूड. अंदमानी माणसं अंगावर आणि वस्तूंवर पांढऱ्या चिकणमातीची आणि तांबड्या मातीची नक्षी काढतात. मुठीच्या खाचेतली पूड ती माती असू शकते. म्हणून म्हटलं, पुसू नका. मऊ कोरड्या कुंचल्याने फक्त सैल धूळ झाडा, आणि तेही खाच सोडून.

भिंगाने मी जिथवर येऊ शकतो तिथवर आलो: सीताफळाचं कूळ पक्कं, आणि आजीचा शब्द, आजोबांची नोकरी, धनुष्याचा आकार हे सगळं चुईकडेच बोट दाखवतं. साजेरी की चुई हा शेवटचा फरक मात्र पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली, खात्रीच्या नमुन्याशेजारी ठेवूनच करायला हवा. असे नमुने डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेच्या काष्ठसंग्रहात आहेत. ही संस्था 1906 पासूनची. त्यांना ढलपी पाठवताना हरभऱ्याएवढा तुकडा पुरतो, पण तो फुटलेल्या टोकाच्या आतल्या, धूर न लागलेल्या भागातला हवा. नव्याने कुठेही कापू नका. मी वापरलेल्या ढलपीचा उरलेला भाग परत पाठवतो आहे, तोही चालेल.

काही लहानसहान गोष्टी. दोरी चढवून 'चालतंय का' बघायचा मोह होईल. करू नका, साठ वर्षं न वाकलेलं लाकूड, त्यात एक टोक फुटलेलं, पहिल्याच ओढीला जाईल, आणि तुकडा तोंडावर येईल. भिंतीला उभं टेकवून ठेवू नका. आडवं, तीन ठिकाणी कापसाच्या पट्टीचा आधार देऊन, चुलीपासून आणि पावसाळी भिंतीपासून लांब ठेवा. पाती किडली आहेत का हे बघायला खाली काळा कागद अंथरा. आठ दिवसांनी त्यावर पिठासारखी पूड दिसली तर कळवा. फुटलेलं टोक फेव्हिकॉलने चिकटवायचं नाही. तुटलेला तुकडा असेल तर पाकिटात घालून धनुष्याबरोबरच ठेवा.

कुणी विकत मागायला आलं तर घाई करू नका. आणि हे बघून जोडीला बाण आणावेत म्हणून अंदमानची सहल काढाल, तर तेही नको. 1956 च्या आदिम जमाती संरक्षण विनियमाखाली त्यांच्या राखीव क्षेत्रात परवानगीशिवाय पाऊल टाकणं हा गुन्हा आहे, वस्तूंची देवघेव दूरच राहिली.

धनुष्याला एक चिठ्ठी मात्र आजच बांधा. सुती दोऱ्याने, डिंक न लावता, पेन्सिलीने लिहिलेली. माळ्यावर कधी सापडलं, आजोबा पोर्ट ब्लेअरला कुठल्या वर्षांत होते, आणि आजी काय म्हणायची. तिचा शब्द ती उच्चारायची तसाच लिहा.